ठिणगी कुठे हरवते? : जुन्या फियाट गाडीच्या इग्निशनचा तपास



ट्रॅक्टर बंद पडला तर आपल्याकडचा शेतकरी घाबरत नाही. एअर घेतली असेल, नोझल चोक झाला असेल, फिल्टरमध्ये कचरा असेल, असे म्हणत निम्मे सभासद स्वतःच पाना हातात घेतात. पण दारातली पेट्रोलची जुनी गाडी अडली, की हाच माणूस हात टेकतो. याचे कारण सरळ आहे. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबल्याने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. पेट्रोल गाडीत मात्र प्रत्येक वेळी विजेची ठिणगी पडावी लागते, आणि ही वीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती अवघड वाटते. प्रत्यक्षात तिचा तपास डिझेल पंपापेक्षा सोपा आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले, भावंडे नोकरीधंद्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडची किंवा तिकडून विकत घेतलेली, एमएच-०४ नाहीतर एमएच-०५ नंबरची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'फियाट', आजही काही घरांत हौसेने जपलेली आहे. या गाड्यांच्या तक्रारी आमच्याकडे येतात त्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पावसाळ्यात माळशेज घाटात बंद पडली, ही एक. उन्हाळ्यात शिळफाट्याच्या कोंडीत बंद पडली, ही दुसरी. आणि बहुतेक वेळा पुढची हकिकत एकच असते. आधी कॉईल बदलली, मग कंडेन्सर, मग चारही प्लग. गाडी दोन दिवस चालली आणि पुन्हा तेच. पैसे गेले ते गेलेच, वर रात्री-बेरात्री बायकामुलांसह घाटात थांबण्याची पाळी आली.

म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. भाग बदलण्याच्या आधी, ठिणगी कुठपर्यंत पोचते आणि कुठे हरवते ते क्रमाने पाहावे. आधी तपास, मग खरेदी.

ही गाडी परकी नाही

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. ऊसवाल्यांना हे नाव नवे नाही. नाशिक जिल्ह्यातले रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर, हे दोन्ही साखर कारखाने त्यांच्याच उद्योगातले. मोटारींचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट ही गाडी बनू लागली आणि पुढे १९७० च्या दशकात तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शिळ रस्त्यावर डोंबिवलीच्या बाजूला होता. १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ ही गाडी बनत असे. आज दोन्ही ठिकाणी मोटारी बनत नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

गाडी बनणे थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा कंपनीचा मेकॅनिक येईल ही आशा नाही, आणि नव्या पिढीचे मेकॅनिक संगणक लावून गाडी तपासतात. जुनी गाडी ठेवायची तर मालकालाच थोडे शिकले पाहिजे.

ठिणगी पडते कशी?

बॅटरी असते १२ व्होल्टची. प्लगच्या तोंडाशी ठिणगी उडायला मात्र दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. ही वाढ कॉईल करते. कॉईलच्या आत लोखंडी गाभ्याभोवती दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड व थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारखी बारीक व हजारो वेढ्यांची. जाड तारेतून करंट वाहत असताना डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट उघडतो आणि करंट एकदम तुटतो. त्या क्षणी बारीक तारेत प्रचंड दाब उभा राहतो आणि ठिणगी पडते.

आपल्या उपसा सिंचनाच्या लाइनीवरून हे चटकन ध्यानात येईल. मोटर चालू आहे, पाइपातून पाणी जोराने चालले आहे आणि अचानक वीज गेली, तर पाणी मागे येऊन आदळते आणि कधी कधी पाइपाचा जोड फुटतो. हा दाब मोटरचा नसतो, वाहते पाणी एकाएकी अडल्याचा असतो. कॉईलमध्येही असेच घडते. म्हणून ठिणगी पॉइंट मिटल्यावर पडत नाही, उघडल्यावर पडते. एवढे कळले की निम्मे काम झाले.

कंडेन्सर कशासाठी? पॉइंट उघडताना करंट त्या बारीकशा फटीतून उडी मारून वाहत राहू पाहतो. तसे झाले तर करंट झटक्यात तुटत नाही, ठिणगी दुबळी पडते आणि पॉइंटची तोंडे जळतात. तो धक्का कंडेन्सर आपल्या पोटात घेतो.

राहिला डिस्ट्रिब्युटर. तो आपला पाटकरी. कॉईलकडून आलेला करंट रोटर चार सिलिंडरना पाळीने वाटतो. पद्मिनीच्या १०८९ सी.सी. इंजिनाचे पाळीपत्रक १-३-४-२ असे आहे. वायर काढून परत लावताना ही पाळी चुकली, तर सगळे भाग नवे असूनही गाडी खोकत राहते, नाहीतर मुळीच लागत नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. पॉइंट तितक्याच वेळा उघडझाप करतो. तो झिजणारच.

तपासाला बसण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा. पेट्रोल गळत असेल तर ठिणगीचा कोणताही प्रयोग करू नये. जाड वायर उघड्या हाताने धरू नये. प्लॅस्टिक मुठीचा पक्कड व कोरडे फडके वापरावे. झटका जोराचा बसतो आणि हृदयविकाराच्या माणसाने तर यापासून लांबच राहावे. पंख्याजवळ धोतराचा सोगा, पदर, मफलर जाऊ देऊ नये. इंजिन बंद असताना चावी 'ऑन' करून ठेवू नये, कॉईल तापून खराब होते.

साहित्य फार नको. मोटारीतला ५ वॅटचा लहान बल्ब घेऊन त्याला दोन वायरी व दोन चिमटे जोडावेत. हा झाला आपला टेस्ट लॅम्प.

पहिली पायरी : स्टार्टर फिरतो का?

स्टार्टर मंद फिरत असेल, हेडलाइट एकदम मिणमिणत असेल, तर इग्निशनकडे जाऊच नये. बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवावी, जोड घट्ट करावेत, बॅटरीपासून बॉडीला व बॉडीपासून इंजिनाला गेलेली अर्थची पट्टी पाहावी. कित्येक 'कॉईल गेलेल्या' गाड्या एवढ्यावरच सुरू होतात.

दुसरी पायरी : कॉईलपासून ठिणगी येते का?

हा मुख्य प्रयोग. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीमधली मधली जाड वायर काढावी. पकडीने धरून तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून पाव इंच, म्हणजे साधारण ६ मि.मी. लांब ठेवावे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे.

निळसर, तडतड आवाज करणारी ठिणगी आली, तर कॉईल, पॉइंट, कंडेन्सर ठीक आहेत. बिघाड पुढे आहे. तिसऱ्या पायरीवर जावे. पिवळट, बारीक ठिणगी आली तर पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉईल कमजोर आहे. मुळीच आली नाही तर चौथ्या पायरीवर जावे.

तिसरी पायरी : कॉईलच्या पुढे

टोपी काढून आतून पाहावी. केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा गेल्याची किंवा करंटने पाडलेल्या वाटेची खूण असते. अशी टोपी पुसून चालत नाही, बदलावीच लागते. मधला कार्बनचा खुंट स्प्रिंगवर खालीवर होतो ना, तेही पाहावे.

रोटर बसवलेला ठेवून, कॉईलच्या वायरचे टोक त्याच्या मधल्या पितळी पट्टीपासून ३ मि.मी. वर धरावे व स्टार्टर मारावा. रोटर चांगला असेल तर ठिणगी पडू नये. तिथे सारखी ठिणगी पडू लागली तर रोटर आतून फुटला आहे आणि करंट दांड्यावाटे जमिनीत जातो आहे. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो फार छळतो.

गाडी चालू आहे पण मिसिंग करते, अशा वेळी प्लगच्या वायरी पकडीने एकेक काढून लगेच परत लावाव्यात. जी काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर झोपलेला. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावून बघावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर वायर, टोपी किंवा इंजिनातला दोष.

प्लगचा रंगही बोलतो. विटकरी-तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओले काळे तेल म्हणजे रिंगा झिजल्या. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी पडते किंवा टायमिंग पुढे गेले आहे.

चौथी पायरी : कॉईलच्या मागे

आता टेस्ट लॅम्प घ्यावा. एक चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावावा आणि चावी ऑन करावी.

१) दुसरा चिमटा कॉईलच्या, स्विचकडून वायर येते त्या टोकाला लावावा. बल्ब पेटला पाहिजे. नाही पेटला तर कॉईलपर्यंत वीजच येत नाही. स्विच किंवा वायरचा दोष.

२) चिमटा कॉईलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते त्या टोकाला लावावा व स्टार्टर मारावा. बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकतो याचा अर्थ पॉइंट उघडझाप करतो आहे. मग ठिणगी नसेल किंवा दुबळी असेल तर संशय कंडेन्सरवर व कॉईलच्या आतल्या बारीक तारेवर. पॉइंटची तोंडे काळीनिळी जळालेली असतील तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा.

३) बल्ब सारखा पेटलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाही, त्याच्या तोंडावर तेल-मळ आहे किंवा त्याची अर्थ वायर तुटली आहे.

४) बल्ब मुळीच पेटत नसेल, तर कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी वायर कॉईलवरून सोडवावी. आता बल्ब पेटला तर कॉईलची जाड तार शाबूत आहे आणि दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. तरीही नाही पेटला तर कॉईल गेली. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोष ठरल्यास सोडवलेली वायर परत लावून, पॉइंट उघड्या स्थितीत आणून कंडेन्सरची वायर सुटी करावी. बल्ब पेटला तर कंडेन्सर शॉर्ट आहे. नाही पेटला तर पॉइंटचा खुंट किंवा आतली वायर कुठेतरी लोखंडाला टेकते आहे.

बघा, चार प्रश्नांत दोष एका भागावर येऊन थांबला. एक रुपयाही खर्च झाला नाही.

माळशेजचे धुके

आपल्याकडून कल्याणला जायचे म्हणजे माळशेज घाट उतरून टोकावडे, सरळगाव, मुरबाड असा रस्ता. पावसाळ्यात घाटात ढग रस्त्यावर उतरतात. टोपी व वायरींवर ओल धरते आणि करंट प्लगपर्यंत न जाता ओल्या मळावरून सरपटत लोखंडात उतरतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, तर वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताना स्पष्ट दिसतात.

उपाय भाग बदलण्याचा नाही. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसावी, वायरी व प्लगची पांढरी चिनी माती पुसावी, कॉईलचे तोंड पुसावे. पेट्रोलने पुसू नये. वाफ राहिली तर भडका होतो. जूनच्या आधीच टोपी व वायरी तपासून घ्याव्यात आणि रबरी टोप्या फाटल्या असतील तर नव्या बसवाव्यात. जुलै २०१९ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात कसे शिरले हे सर्वांना आठवत असेल. साचलेल्या पाण्यात गाडी घालूच नये. पंखा तेच पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडवतो. आणि इंजिनात पाणी गेल्यावर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इग्निशनचा प्रश्नच उरत नाही.

शिळफाट्याची कोंडी

कल्याण-शिळ रस्ता, मुंब्रा बायपास, ठाण्याचा घोडबंदर रस्ता या ठिकाणी उन्हाळ्यात गाडी तासभर रांगते. इंजिन तापते, बॉनेटखाली वारा फिरत नाही. अशा वेळी गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने निवल्यावर आपोआप सुरू होते. कारणे दोन असू शकतात. कॉईल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो, किंवा पेट्रोलची नळी व पंप तापून आत पेट्रोलची वाफ अडकते.

दोन्हींचे लक्षण बाहेरून सारखे, म्हणूनच इथे नुकसान जास्त होते. निवडायचा मार्ग एकच. गाडी सुरक्षित बाजूला घ्यावी आणि ती गरम असतानाच दुसऱ्या पायरीचा प्रयोग करावा. ठिणगी निळी व जोराची असेल तर इग्निशनला दोष देऊ नये, पंपावर ओले फडके टाकावे. ठिणगी गायब असेल तर कॉईल-कंडेन्सर. गॅरेजपर्यंत गाडी निवते आणि तिथे सगळे ठीक दिसते, म्हणून हा प्रयोग जागेवरच करावा लागतो.

गॅप आधी, टायमिंग नंतर

पॉइंटची गॅप कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडला असताना पत्ती गेजने मोजावी. या गाडीला ती साधारण ०.४ ते ०.५ मि.मी. लागते, प्लगची ०.५ ते ०.६ मि.मी.; गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. गॅप फार झाली तर कॉईल पुरती भरत नाही आणि वेगात गाडी तुटते. कमी झाली तर पॉइंट जळतो. शिवाय गॅप बदलली की टायमिंगही बदलते. वाढली तर ठिणगी लवकर, कमी झाली तर उशिरा पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नये.

टायमिंग फार पुढे असेल तर माळशेज चढताना इंजिन खणखणते. मागे असेल तर गाडी ओढत नाही आणि पाणी उकळते.

इथेनॉलचे पेट्रोल आणि जुनी गाडी

आता आपल्या घरचा विषय. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले बरेच आपल्याच उसाच्या मळीपासून व रसापासून बनते. ऊसवाल्याला त्याचा आनंद आहेच, पण जुन्या गाडीची बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुना कार्बोरेटर मात्र पूर्वीच्याच मापाने हवा देतो, म्हणून मिश्रण थोडे पातळ पडते. अशा मिश्रणाला ठिणगी चांगली जोमाची लागते. पूर्वी खपून गेलेला अर्धवट पॉइंट किंवा प्लग आता मिसिंगच्या रूपाने उघडा पडतो. इथेनॉल जुने रबर नरम करते आणि ओल शोषते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये, आणि कार्बोरेटरचे जेट जाणकाराकडून तपासावे. इथेही पहिला प्रश्न तोच : ठिणगी आहे का? असेल, तर पेट्रोलकडे वळावे.

शेवटी थोडे

गाडीत एक डबा ठेवावा. त्यात टेस्ट लॅम्प, पक्कड, पत्ती गेज, बारीक पॉलिश पेपर, कोरडे फडके, एक जादा रोटर आणि एक कंडेन्सर. नवा कंडेन्सर बसवला तर चालता जुना फेकू नये. बाजारात आज मिळणारे सगळेच नवे भाग चांगले निघतात असे नाही. नवा दगा देईल तेव्हा जुनाच घरी पोचवतो. पॉइंट घासल्यावर कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्यात ओढून भुकटी काढावी, बोट लावू नये.

एक खबरदारी. हे सर्व प्रयोग पॉइंटवाल्या जुन्या गाडीसाठी आहेत. ज्या गाडीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संच बसवला आहे, किंवा जी नव्या पद्धतीची इंजेक्शनवाली गाडी आहे, तिच्या वायरी काढून ठिणगी पाहू नये. महागडा संच जळतो आणि झटकाही जास्त जोराचा असतो.

पहिल्या पावसाच्या आधी, एखाद्या रविवारी सकाळी, घरच्या पोरासोरांना बरोबर घेऊन दुसरी पायरी आपल्या अंगणात एकदा करून पाहावी. चांगली ठिणगी कशी दिसते आणि कशी वाजते हे घरी एकदा पाहून ठेवले, म्हणजे घाटात दुबळी ठिणगी ओळखायला वेळ लागणार नाही.